जुन्या देवांकडे वळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चौतीस वर्षांची असून नागपुरात सदर भागात राहते. आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण दोन्ही याच शहरात झाले. नोकरीनिमित्त दोन वर्षे इंग्लंडमध्ये होते, तेव्हा ऋतूंचे सण पाळणाऱ्या आणि मातृदेवतेची उपासना करणाऱ्या काही जणांशी ओळख झाली. परत आल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, रविवारच्या उपासनेत माझे मन लागत नाही. मला पेगन धर्म स्वीकारायचा आहे. त्यासाठी दीक्षा घ्यावी लागते का, आधीचा बाप्तिस्मा रद्द होतो का, कागदपत्रांत काय बदलावे लागेल, हे कळत नाही. सर्वांत अवघड म्हणजे आईला हे कसे सांगावे? इथे माझ्या सोबतीला या वाटेवरचे कोणीही नाही.

उत्तर : ताई, आपण तीन वर्षे हा विचार मनात बाळगला आणि मगच लिहिले, त्यामुळे ही रागाच्या भरातली गोष्ट नव्हे हे उघड आहे. सुरुवात शब्दापासून करावी लागेल, कारण पेगन नावाचा एक धर्म अस्तित्वात नाही. लॅटिनमध्ये पेगानुस म्हणजे खेड्यातला माणूस. रोमन साम्राज्यातील शहरे ख्रिस्ती होत गेली, तेव्हा जुने देव न सोडणाऱ्यांना ख्रिस्ती लोकांनी चौथ्या शतकात हे नाव दिले, आणि आपण ‘गावंढळ’ म्हणताना जो सूर लागतो तोच त्यात होता असे अनेक अभ्यासक मानतात. ज्यांना ते नाव मिळाले ते स्वतःला त्या नावाने ओळखत नव्हते. कोणी ग्रीक देवी अथेनाचे भक्त होते, कोणी इजिप्तच्या इसिस देवीचे, कोणी घरातल्या चुलीजवळच्या दैवतांचे. आजही त्या एका शब्दाखाली विक्का (इंग्लंडमधून पसरलेला, मातृदेवता मानणारा पंथ), ड्रुइड परंपरा, उत्तर युरोपातील ओडिन आणि थोर यांची उपासना, ग्रीक देवतांची उपासना, लिथुएनियातील रोमुवा असे निरनिराळे मार्ग येतात, आणि त्यांचे देव, विधी व नीतिविचार एकमेकांशी जुळतातच असे नाही. त्यामुळे ‘मी पेगन होणार’ या वाक्यातून आज एवढेच कळते की आपल्याला ख्रिस्ती राहायचे नाही. कोणत्या देवतेपुढे, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या दिवशी दिवा लावणार, हे ठरेपर्यंत आपली ख्रिस्ती मंडळी सोडू नका, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

दुसरी गोष्ट या परंपरांच्या वयाची. इंग्लंडमध्ये आपल्याला कोणी सांगितले असेल की हा धर्म अश्मयुगापासून अखंड चालत आला आहे आणि चर्चच्या छळातूनही गुप्तपणे टिकला आहे. विक्काच्या बाबतीत ते खरे नाही. तेथील चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या पंथाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर हा मार्ग जगासमोर आला. रोनाल्ड हटन या इतिहासकारांनी त्याची घडण किती अलीकडची आहे हे पुराव्यांनिशी दाखवले आहे, आणि आज तेथील बहुतेक जाणते उपासकही ते मान्य करतात. आइसलँडच्या लोकसभेने इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथे जुन्या देवांची संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. मध्ये जवळजवळ हजार वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर या मंडळींनी जुनी काव्ये व कथा वाचून, त्यांतून विधी नव्याने बांधून भरून काढले. धर्म नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र त्याच्या प्राचीनतेवर आपला विश्वास उभा असेल, तर पहिले चांगले पुस्तक वाचताच तो डळमळेल. म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

दीक्षेविषयी सांगायचे तर प्रत्येक मार्गाची रीत वेगळी आहे. गार्डनर यांच्या परंपरेतील विक्कामध्ये दीक्षित गटाकडूनच दीक्षा मिळते आणि त्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. एकट्याने उपासना करणारे अनेक जण मात्र स्वतःच देवतेपुढे संकल्प करतात आणि तो इतरांकडून मानलाही जातो. आपल्या सोबतीला येथे कोणी नाही, म्हणजे आपला मार्ग निदान आरंभी तरी एकटीचाच असणार. अशा वेळी ते वर्षभर थांबण्याचे बंधन मी आपल्याला मुद्दाम घालून घ्यायला सांगेन, आणि त्याचे कारण आपल्या नागपूरच्या हवेत आहे.

हे मार्ग ऋतूंवर उभे आहेत. इंग्लंडमधील बहुतेक पेगन वर्षाला आठ सण पाळतात, आणि ते तेथील सूर्याच्या, थंडीच्या आणि पिकांच्या हिशोबाने बसवलेले आहेत. लंडनमध्ये डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी सूर्य आठ तासही दिसत नाही, त्यामुळे तो परत येऊ लागला या आनंदाचा सण करावा असे तेथल्या माणसाला आतूनच वाटते. नागपुरात त्याच दिवशी सूर्य जवळपास पावणेअकरा तास असतो, आणि ते तर आपले वर्षातले सर्वांत सुखाचे दिवस! त्या आठांपैकी बेल्टेन या सणाचा जाळ १ मे रोजी पेटवायचा, तर त्या वेळी येथे पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि आकाशातून आग बरसत असते. आपली खरी तहान जूनमध्ये असते, जेव्हा सारे शहर मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहते. मग निसर्गाची उपासना करू इच्छिणाऱ्या नागपूरकराने कोणता सण मनापासून करावा? पळस फुलतो तो आठवडा, मोह गळतो ती पहाट, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणे, तान्ह्या पोळ्याला पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या मिरवणुकीत ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सरलेल्या वर्षाची पीडा शहराबाहेर घालवणे, या गोष्टींकडे एक वर्ष भक्ताच्या नजरेने पाहा. आपल्याला आवडलेला धर्म या मातीत उभा राहतो की तो इंग्लंडमधल्या दोन सुखाच्या वर्षांची आठवण आहे, हे त्या वर्षात आपोआप स्पष्ट होईल. दुसरे निघाले तर त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

आता बाप्तिस्म्याविषयी. जवळजवळ सर्वच चर्चांच्या शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. म्हणून तो ‘रद्द’ करण्याचा कोणताही विधी त्यांच्याकडे नाही. आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत असाल असे गृहीत धरतो. (सहा वेगवेगळी चर्चे एकत्र येऊन ती मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली, याचा या शहरातील ख्रिस्ती बांधवांना रास्त अभिमान आहे.) आपल्या पाळकांना साधे पत्र लिहून सभासदांच्या नोंदीतून नाव कमी करण्याची विनंती करणे एवढेच पुरेसे आहे. काही जण नव्या वाटेवर पाऊल ठेवताना ख्रिस्ताचा त्याग करतो अशी शपथ मोठ्याने उच्चारतात. मला ते अनावश्यक वाटते. ज्या प्रार्थनेने आपल्याला लहानपणी अंधारात धीर दिला तिला शिव्याशाप देऊन नव्या देवतेपुढे उभे राहणे कोणत्याही जुन्या धर्माने मागितलेले नाही. ते धर्म मुळात एकाच देवाचा हट्ट धरणारे नव्हते.

आपण काय गमावणार, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती म्हणून वाढला आणि तरुणपणी मनाने जुन्या देवांकडे वळला. ३६१ मध्ये सत्तेवर आल्यावर त्याने ते उघड केले आणि ३६३ मध्ये पर्शियाच्या मोहिमेत तो मारला गेला. आपला प्रवास करणारा इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध माणूस तोच. त्याच्या नावावर असलेल्या एका पत्रात तो गलातिया प्रांतातील आपल्या मुख्य पुरोहिताला कळकळीने लिहितो, की परक्यांचा पाहुणचार आणि मृतांच्या दफनाची काळजी यांमुळे ख्रिस्ती लोक वाढत आहेत, ते स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, तेव्हा प्रत्येक नगरात आपणही धर्मशाळा काढल्या पाहिजेत. देव परत आणता येतात, पण एकमेकांच्या दारी जाणारी माणसे तयार व्हायला पिढ्या लागतात, हे त्याला कळून चुकले होते. आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या अंत्यविधीला मंडळीतील किती माणसे आली होती, आजारपणात डबा घेऊन कोण येत होते, हे आठवून पाहा. आपल्या आजारपणात तो डबा कोण आणणार, याचा विचार आजच करा. कोणी नसेल तर जुनी मैत्री तोडू नका आणि नवी माणसे जोडायला लागा. ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळणे न मिळणे हे त्या दफनभूमीच्या समितीवर अवलंबून राहील, म्हणून अंत्यविधीविषयीची आपली इच्छाही लिहून ठेवा.

आईविषयी लिहिताना मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. ते नागपुरात राहिले होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो आघात सहन झाला नाही. पतिपत्नी काही वर्षे वेगळी राहिली आणि पुढे स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. आपली दिशा उलटी आहे, पण घरातल्या माणसाचे दुःख तेच आहे. आपल्या आईला वाटणारी भीती ‘लोक काय म्हणतील’ एवढीच नसणार. तिच्या श्रद्धेप्रमाणे मुलगी मरणानंतर आपल्यापासून कायमची दुरावेल, ही ती भीती आहे. तिच्याशी देवशास्त्रावर वाद घालू नका, तिच्या दहा आज्ञांना उत्तर शोधू नका. तिसऱ्या कोणाकडून तिच्या कानावर जाण्याआधी, घरी, फक्त तिला सांगा. आपण कशावर प्रेम करू लागलो ते सांगा, चर्चमध्ये काय खटकले त्याची यादी वाचू नका. नाताळला तिच्यासोबत करंज्या तळायला बसा आणि तिचा आग्रह असेल तर उपासनेलाही जाऊन मागच्या बाकावर बसा. प्रभुभोजन मात्र घेऊ नका, कारण विश्वास नसताना ते घेणे तिच्या श्रद्धेचा अपमान ठरेल आणि आपल्या नव्या श्रद्धेचाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, त्यामुळे मनाने धर्म सोडायला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदीत बदल हवा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात धर्मबदलाची जाहिरात देण्याची सोय आहे. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला कायदा वकिलांकडून समजून घ्या. एक पेच मात्र पुष्कळांना माहीत नसतो. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा यांच्या व्याख्येप्रमाणे मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेली व्यक्ती, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, त्या कायद्यांच्या कक्षेत धरली जाते. म्हणजे ओडिनचा किंवा मातृदेवतेचा उपासक कायद्याच्या नजरेत अनपेक्षित रकान्यात जाऊन बसू शकतो. विवाह करायचा झाल्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन करावा आणि मालमत्तेसाठी इच्छापत्र करून ठेवावे. मग हा पेच आपल्यापुरता सुटतो.

प्रश्न : माझा बावीस वर्षांचा मुलगा वर्षभरापासून मिस्साला येत नाही. त्याच्या खोलीत मेणबत्त्या, रंगीत दगड, वाळलेल्या वनस्पती मांडलेल्या असतात आणि तो स्वतःला ‘विच’ (चेटूक करणारा) म्हणवतो. ही सैतानाची पूजा आहे का? ते सारे सामान उचलून फेकून द्यावे असे मला वाटते. (एक वडील, मोहननगर, नागपूर)

उत्तर : भाऊसाहेब, सामान फेकू नका. ज्याला मुलगा पवित्र मानतो ते फेकले, तर तो खोली बदलेल, विचार बदलणार नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मविचारातली कल्पना आहे. विक्कामध्ये त्याला स्थानच नाही, आणि कोणाचेही अहित करू नये हा त्या मार्गाचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा नियम आहे. त्यामुळे आपली भीती मी समजू शकतो, पण तिला आधार नाही.

काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मुलालाही सांगा. युरोपात आज ‘विच’ हा शब्द अभिमानाने मिरवता येतो, पण आपल्याकडे डाकीण किंवा चेटकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, जीवही गेले आहेत. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी किंवा काळी जादू केल्याचा आरोप करणे, त्याला सैतान ठरवणे हाही गुन्हा मानला आहे. आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी मुलाविषयी असे बोलू लागले, तर आपण त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. मेणबत्ती लावून केलेली प्रार्थना या कायद्यात येत नाही. रोग बरा करतो, पैसा दुप्पट करतो, शत्रूचा नाश करतो असे सांगून कोणाकडून पैसे घेतले तर येते. तेव्हा त्याने कोणाला असे वचन दिले आहे का, किंवा त्याच्याकडून कोणी शिकवणीच्या नावाखाली मोठी रक्कम घेत आहे का, घरच्यांपासून तुटायला सांगत आहे का, एवढे अवश्य विचारा. उत्तर नाही असेल, तर त्या दगडांपैकी एक हातात घेऊन तो त्याला का प्रिय आहे ते ऐकून घ्या. आपल्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे त्याचा बाप्तिस्मा कायम आहे आणि परतीचे दार उघडे आहे. आपल्यासारख्या श्रद्धावान पित्याला हा दिलासा लहान नाही.

प्रश्न : मी गोंड समाजातला असून नागपुरात कायद्याचे शिक्षण घेत आहे. माझ्या लहानपणी आईवडील ख्रिस्ती झाले. आजोबा मात्र शेवटपर्यंत पेर्सापेनचे, म्हणजे गोंडांच्या थोर देवाचे, उपासक होते. मला आजोबांच्या धर्मात परत जायचे आहे. हे धर्मांतर ठरते का? मित्र म्हणतात, तू पेगन झालास. अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर परिणाम होईल का?

उत्तर : दादा, आधी दाखल्याचे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात जशी धर्माची अट आहे तशी जमातींच्या आदेशात नाही. आदिवासी व्यक्ती ख्रिस्ती झाली म्हणून तिचा दर्जा आपोआप जात नाही, समाजाच्या चालीरीतींशी आणि समाजाशी तिचे नाते टिकले आहे का हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये केरळमधील एका प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे आपल्या आईवडिलांनाही या कारणाने घाबरण्याची गरज नाही आणि आपल्यालाही.

मित्रांचा शब्द स्वीकारू नका. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे तो दुसऱ्यांनी दिलेला शब्द आहे, आणि आपल्याकडे गोंडांच्या धर्माचे कोया पुनेम हे स्वतःचे नाव असताना उसने नाव घेण्याचे कारण नाही. ज्या पहिल्या ताईंनी पत्र लिहिले, त्यांना हजार वर्षांची दरी पुस्तकांनी भरावी लागणार आहे. आपल्या बाबतीत खंड फक्त एका पिढीचा आहे. विधी जाणणारे भुमका अजून आहेत, भाषा बोलली जाते, सण होतात. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत ज्यांनी आयुष्यभर गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेमचा अभ्यास केला, त्या दिवंगत मोतीरावण कंगाली यांचे लेखन येथेच आपल्याला मिळेल. आणखी एक गोष्ट आपल्या आईवडिलांना अवश्य सांगा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले आणि १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली, आणि त्यांत गोंडांच्या कथांतील आद्य गुरू लिंगो याची गोंडी गाणी आहेत. आपल्या आजोबांनी गायलेल्या कथेचा एक जुना लेखी पुरावा एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने जपला आहे. चर्चला आपले शत्रू ठरवून घर सोडण्याची गरज नाही, हे आईवडिलांशी बोलायला इथून सुरुवात करता येईल.

धर्मांतर ठरते का, याचे उत्तर सरकारी अर्जावर वेगळे आणि समाजात वेगळे मिळेल. जनगणनेत सहा मोठ्या धर्मांखेरीजचे सारे ‘इतर’ या रकान्यात जातात. २०११ मध्ये तेथे सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली आणि गोंडी धर्म लिहिणारे त्यांतच आहेत. समाजाचा प्रश्न मात्र आपण कोणत्या रकान्यात आहात हा नसेल. आपले गोत्र कोणते, आपण चार देवांचे, पाच, सहा की सात देवांचे, आपल्या कुळाचे पेनठाणे (पेन म्हणजे देव, त्यांचे ठाणे) कोठे, हे विचारले जाईल. कोया पुनेममध्ये एकटा माणूस शिरत नाही, कुळ त्याला आत घेते. लग्न कोठे करायचे हेही त्या देवांच्या संख्येवर ठरते. म्हणून पुस्तकाआधी आजोबांच्या गावी जा आणि त्यांच्या पिढीतले जे कोणी हयात असतील त्यांच्यापाशी बसून ही माहिती लिहून घ्या. आईवडिलांच्या बाप्तिस्म्यानंतर कुळाने त्यांच्याशी व्यवहार ठेवला होता का, हेही तेथेच कळेल, आणि परत घेण्याची रीत काय हे तीच माणसे सांगतील. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज पेनांच्या दर्शनाला जमतो. येत्या माघात आपल्या गावची माणसे निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर जा, आणि आई यायला तयार असेल तर तिलाही सोबत न्या; डोंगर चढताना आजोबांच्या किती गोष्टी तिला अजून आठवतात ते आपल्याला ऐकायला मिळेल.